आकाशबेटांवरची अळंबी आणि कागदाची पुडी

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात, टूसॉन शहराला लागूनच सांता कॅटालिना नावाची डोंगररांग उभी आहे. शहर समुद्रसपाटीपासून सव्वासातशे मीटरच्या आसपास, तर रांगेचा माथा, माउंट लेमन, २,७९१ मीटरवर. पायथ्याला सग्वारो निवडुंगांचे वाळवंट. तिथे वर्षाकाठी जेमतेम ३०० मिलिमीटर पाऊस. चढत जावे तसे आधी गवत लागते, मग ओकची खुरटी राने, मग पाइन, आणि अगदी वर फर आणि डग्लस फरची थंड, ओलसर राई. तिथला पाऊस पायथ्याच्या दुपटीहून जास्त. अशा पन्नासेक रांगा कोलोरॅडोचे पठार आणि मेक्सिकोतला सिएरा माद्रे पर्वत यांच्यामध्ये विखुरल्या आहेत, आणि प्रत्येकीला चहूकडून कोरड्या सपाटीने वेढले आहे. वेल्डन हील्ड यांच्या १९६७ सालच्या पुस्तकापासून त्यांना ‘आकाशबेटे’ म्हणायची चाल पडली. जुलै ते सप्टेंबर या काळात तिथे दुपारी ढग जमतात, गडगडाटी पाऊस कोसळतो (त्याला तिकडेही मान्सूनच म्हणतात) आणि आठ-दहा दिवसांत पाइनच्या सुयांच्या थरातून अळंबी वर येऊ लागते. ज्या मुलखाचे नाव घेतले की उंट आणि निवडुंगच डोळ्यांसमोर यावेत, तिथल्या या अळंबीची नोंद गेल्या शंभराहून अधिक वर्षांत कोणी, कशासाठी आणि कशी ठेवली, हा या लेखाचा विषय आहे. माझे म्हणणे असे की या डोंगरांबद्दल आज जे ज्ञान आपल्यापाशी आहे, त्यातला टिकाऊ भाग म्हणजे जातींच्या नावांची यादी नव्हे. वाळवलेला नमुना आणि त्याच्याबरोबरची ठिकाण-तारखेची चिठ्ठी, हाच तो टिकाऊ भाग. बाकीचे सारे त्याच्यावर उभे आहे, आणि त्यात जिथे खिंडारे आहेत तिथे आपण अनेकदा निसर्गालाच रिकामे समजून बसतो.

वनस्पतींच्या बाबतीत या डोंगरांकडे लक्ष लवकर गेले. १८८१ साली सारा प्लमर लेमन आणि जॉन गिल लेमन हे वनस्पतिशास्त्रज्ञ जोडपे एका स्थानिक पशुपालकाच्या मदतीने कॅटालिनाच्या माथ्यावर पोचले. शिखराला नाव साराचे मिळाले. १९०३ मध्ये कार्नेगी संस्थेने टूसॉनच्या टुमामॉक टेकडीवर वाळवंटी वनस्पतींच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा उभारली, आणि तिथल्या फॉरेस्ट श्रीव्ह यांनी १९१५ साली याच रांगेवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. कोणत्या उंचीवर किती पाऊस पडतो, उत्तरेकडचा उतार आणि दक्षिणेकडचा उतार यांत झाडोरा कसा बदलतो, जमिनीत ओल किती दिवस टिकते, हे सगळे त्यांनी मोजून मांडले. अळंबीच्या अभ्यासकाला हवी असलेली बहुतेक सगळी माहिती त्या ग्रंथात आहे. अळंबी मात्र त्याचा विषय नव्हती. याचा दोष श्रीव्ह यांना देण्यात अर्थ नाही. झाड वर्षभर जागेवर असते, अळंबी आठवडाभर. त्याहून जुना पुरावा शोधू गेले तरी हीच अडचण येते. या भागातले पॅकरॅट नावाचे उंदीर आसपासच्या काटक्या, पाने, बिया ओढून नेऊन कपारीत साठवतात, त्यांचे मूत्र वाळून त्या ढिगाला राळेसारखे धरून ठेवते, आणि हजारो वर्षांपूर्वीची पाने जशीच्या तशी हाती लागतात. आज जिथे वाळवंट आहे तिथे हिमयुगात पिन्यन आणि जुनिपरची राने होती, हे अशा ढिगांवरूनच कळले. डोंगरमाथ्यांची जंगले एकेकाळी आजच्यापेक्षा पुष्कळ खालपर्यंत उतरलेली होती, म्हणजे त्या झाडांच्या मुळांशी संसार करणारी कवकेही तशीच उतरलेली असणार. पण मांसल अळंबीचा मागमूस असल्या ढिगात मिळण्याची आशा धरता येत नाही. तिचा इतिहास माणसाने नोंद ठेवायला सुरुवात केली तिथूनच सुरू होतो.

ही नोंद सुरू झाली ती कवकांच्या कुतूहलातून झाली नाही, लाकडाच्या हिशेबातून झाली. १९०२ मध्ये सांता कॅटालिना, चिरिकावा आणि ग्रॅहम या रांगा सरकारी राखीव वने म्हणून जाहीर झाल्या. वन सरकारच्या ताब्यात आले की त्यातल्या इमारती लाकडाची मोजदाद आली, आणि मोजदाद आली की उभ्या झाडाच्या पोटात किती लाकूड कुजलेले आहे हा प्रश्न आला. विल्यम हेन्री लाँग हे वनरोगशास्त्रज्ञ त्या काळी न्यू मेक्सिको आणि अ‍ॅरिझोनात काम करत होते. पाँडेरोसा पाइनच्या गाभ्याला लागणाऱ्या लाल कुजीवर त्यांनी १९१७ साली सरकारी अहवाल लिहिला. कवक इथे येते ते नुकसान करणारे म्हणून, आणि त्याच्या नोंदीचा साचाही तसाच पडला: कोणते झाड, कुठली कूज, किती फूट लाकूड वाया. हा साचा पुढची अनेक दशके टिकला, आणि मला वाटते या प्रदेशाच्या कवक-नोंदीबद्दल सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. पाइनच्या मुळांना पाणी आणि क्षार पोचवणारी, त्या बदल्यात साखर घेणारी कवके त्याच जंगलात होती. त्यांच्याविना तो पाइन त्या रेताड, उथळ मातीत तगलाच नसता. पण ती कोणाच्या हिशेबात बसत नव्हती, म्हणून ती कागदावर फार थोडी आली.

लाँग यांच्याच आयुष्यात मात्र एक वळण आले, आणि त्याकडे दुर्लक्ष करणे अन्यायाचे होईल. उतारवयात, १९४०च्या दशकात, ते वाळवंटातल्या पोटफुग्या अळंबीकडे वळले. देठावर गोळा घेऊन उभ्या राहणाऱ्या, आत कोरडी भुकटी भरलेल्या या जाती. लाकडाचे भाव, कुजीचे प्रमाण यांच्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांतलीच एक पोडॅक्सिस: उंच देठ, वर मिटलेल्या छत्रीसारखी खवलेदार टोपी, आत काळपट बीजाणूंची पूड, वाळली तरी काठीसारखी महिनोन्महिने उभी. ती अ‍ॅरिझोनात उगवते तशी आपल्याकडे थरच्या वाळवंटातही उगवते, आणि राजस्थानात लोक ती कोवळी असताना खातात. लिनिअसने १७७१ साली तिचे पहिले वर्णन केले ते भारतातून गेलेल्या नमुन्यावरून. पुढे दोन शतके आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, जिथे जिथे अशी अळंबी दिसली तिथे तिथे तिला बहुधा तेच एक नाव दिले गेले. अलीकडे निरनिराळ्या संग्रहालयांतल्या जुन्या नमुन्यांतून डीएनए काढून तपासले, तेव्हा या एका नावाखाली अनेक जाती दडल्या असल्याचे स्पष्ट झाले. ज्यांनी ती फक्त ‘दिसली’ म्हणून लिहून ठेवली, त्यांच्या नोंदीचा या प्रश्नाला काहीच उपयोग नाही. ज्यांनी ती वाळवून कागदात गुंडाळून ठेवली, त्यांनी स्वतःला न सुचलेल्या प्रश्नाचेही उत्तर ठेवून दिले.

अ‍ॅरिझोनाच्या डोंगरांसाठी हे काम ज्या माणसाने सगळ्यात चिकाटीने केले ते रॉबर्ट गिल्बर्टसन. १९६७ मध्ये ते टूसॉनच्या अ‍ॅरिझोना विद्यापीठात आले. त्यांचा विषयही लाकूड कुजवणारी कवकेच. म्हणजे लाँग यांच्या पिढीने पाडलेल्या वाटेनेच ते चालले. फरक एवढा की कूज त्यांना नुकसानीचा आकडा वाटत नव्हती. मेलेल्या खोडातला लिग्निन आणि सेल्युलोज फोडून पुन्हा जंगलाला परत देणारा जीव कोणता, तो कोणत्या झाडावर येतो, पांढरी कूज करतो की तपकिरी, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. १९७२ मध्ये त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर सग्वारो निवडुंगाचे लाकूड कुजवणाऱ्या कवकावर लिहिले. १९७४ मध्ये पाँडेरोसा पाइन कुजवणाऱ्या कवकांवर त्यांचे पुस्तक आले. आणि १९८६-८७ मध्ये नॉर्वेच्या लेफ रिव्हार्डन यांच्याबरोबर उत्तर अमेरिकेतल्या छिद्रधारी कवकांचा दोन खंडी ग्रंथ, जो या क्षेत्रात पुढे अनेक वर्षे प्रमाण मानला गेला. या प्रत्येक विधानामागे कागदाची पुडी आहे. खोडावरचा तुकडा सालीसकट काढायचा, हलक्या उबेवर वाळवायचा, पुडीत घालायचा आणि वर लिहायचे: रांग, दरी, उंची, यजमान झाड, तारीख, गोळा करणारा. टूसॉनचा हा संग्रह आज गिल्बर्टसन यांच्याच नावाने ओळखला जातो आणि त्यात सुमारे ४० हजार नमुने आहेत. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत आजरेकरांच्या नावाचा कवक-संग्रह आहे, तो ज्यांनी पाहिला असेल त्यांना असल्या कपाटांची कल्पना येईल: बाहेरून रुक्ष, आणि आत एखाद्या प्रदेशाची पन्नास-शंभर वर्षे.

गिल्बर्टसन यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवूनही त्यांच्या संग्रहाचा तोल कुठे कलतो हे सांगितले पाहिजे. लाकडावरची कवके कडक, चिवट. कित्येक वर्षानुवर्षे खोडावर टिकतात. एप्रिलच्या कोरड्या उन्हातही ती सापडतात. मांसल अळंबी तशी नाही. पावसाच्या सरी लागून आल्या तर ती येते, अळ्या तिला पोखरतात, वारा सुटला की दोन दिवसांत ती चामड्यासारखी होते किंवा काळी पडून वाहून जाते. तिचे रंग, वास, कापल्यावर बदलणारी छटा त्याच दिवशी लिहून घ्यावी लागते, आणि वाळवण्याची सोय मुक्कामी लागते. म्हणजे लाकडाच्या हितसंबंधाने जो कल आधीच दिला होता, तोच कल अळंबीच्या शरीराने आणखी घट्ट केला. तिसरा कल रस्त्याने दिला. टूसॉनहून माउंट लेमनला जाणारा डांबरी रस्ता १९३३ पासून कैद्यांच्या श्रमाने बांधला गेला आणि १९५०च्या सुमारास पुरा झाला. त्यानंतर माथ्यावरची राई शहरातून तासाभरावर आली. ज्या रांगांना असा रस्ता नाही तिथे अळंबी कमी उगवते असे मानायला काही आधार नाही, पण नोंदींचे ठिपके नकाशावर मांडले की पाहणाऱ्याला तसेच वाटेल. चौथा कल सरहद्दीचा. आकाशबेटांची माळ अ‍ॅरिझोनात थांबत नाही, ती मेक्सिकोच्या सोनोरा राज्यात उतरते; झाडे तीच, पाऊस तोच, संग्रह मात्र दोन देशांचे. आणि जिथे या मुलखातल्या मूळ रहिवासी अपाची लोकांची राखीव भूमी आहे तिथे बाहेरच्या माणसाने काय उचलावे हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा आहे. ग्रॅहम पर्वत तर त्यांना पवित्र आहे, आणि त्याच्या माथ्यावर दुर्बिणी बसवल्या गेल्या त्याला त्यांनी केलेला विरोध सर्वज्ञात आहे. तिथल्या नकाशावरची मोकळी जागा भरून काढण्याची घाई अभ्यासकांनी करू नये असे मला वाटते.

२००६ मध्ये स्कॉट बेट्स यांनी अ‍ॅरिझोनाच्या मोठ्या कवकांची पहिली सर्वसमावेशक यादी प्रसिद्ध केली: १,२९० जाती. हा आकडा मोठा वाटतो आणि कामही मोठे आहे. छापील लेख, निरनिराळ्या संग्रहांच्या नोंदी आणि गिल्बर्टसन संग्रहातली कपाटे हाताने धुंडाळून ती केलेली आहे. पण बेट्स यांनी स्वतःच ती प्राथमिक म्हटली, आणि त्यातल्या बऱ्याच नावांचा फेरविचार करावा लागेल असे बजावले. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. उत्तर अमेरिकेतल्या अळंबीला दीर्घकाळ युरोपातल्या पुस्तकांमधली नावे दिली गेली. पाइनखाली जाड देठाची, स्पंजासारख्या तळव्याची बोलेटस दिसली की ती ‘एड्युलिस’. नारिंगी टोपीची, पांढऱ्या पिशवीतून वर येणारी अमॅनिटा दिसली की ती ‘सीझेरिया’. न्यू मेक्सिकोतले चार्ल्स बॅरोज हे हौशी अभ्यासक वर्षानुवर्षे एक पांढऱ्या टोपीची बोलेटस पाहत होते आणि ती निराळी आहे असे त्यांना वाटत होते. अ‍ॅरिझोनाच्या उत्तरेला, जेकब लेकजवळ त्यांनी गोळा केलेल्या नमुन्यावरून १९७६ मध्ये हॅरी थायर्स आणि अलेक्झांडर स्मिथ यांनी तिला स्वतंत्र जात म्हणून जाहीर केले आणि तिला बॅरोज यांचेच नाव दिले. लाल टोपीच्या बोलेटसला स्वतःचे नाव मिळायला २०१४ साल उजाडले. आता समजा, १९५० साली कोणी वहीत लिहिले की अमुक डोंगरात ‘एड्युलिस’ दिसली. ती पांढरी होती की लाल, हे आज सांगता येत नाही. ती नोंद आता जवळजवळ मुकी आहे. त्याच माणसाने एक तुकडा वाळवून ठेवला असता, तर नाव तीनदा बदलले तरी प्रत्येक वेळी तो तुकडा उघडून विचारता आले असते.

इथे पहिला आक्षेप येतो तो छायाचित्रांच्या बाजूने, आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. आज खिशातला फोन रंग टिपतो, उपग्रहाकडून ठिकाण घेतो, तारीख-वेळ आपोआप लावतो. गेल्या पंधरा-वीस वर्षांत हौशी लोकांनी सार्वजनिक माहितीसाठ्यांत अळंबीची जितकी चित्रे जमा केली, तितके नमुने सगळ्या विद्यापीठांनी मिळून केले नसतील. या चित्रांमुळे कोणत्या आठवड्यात कोणत्या उंचीवर काय उगवते याचे जे भान आले आहे ते आधी कधी नव्हते. नोंदीचा अर्धा भाग, म्हणजे ठिकाण आणि तारीख, फोन माणसापेक्षा चोख लिहितो. पण दुसरा अर्धा त्याला जमत नाही. बीजाणूचा आकार, त्याच्या भिंतीवरची नक्षी, टोपीच्या त्वचेतल्या पेशींची रचना सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते; आणि रसुला, कॉर्टिनेरियस किंवा इनोसायबी यांसारख्या वंशांत नुसत्या चित्रावरून जातीपर्यंत पोचणे तज्ज्ञालाही बहुधा शक्य नसते. चित्र आपल्याला तेवढेच सांगते जेवढे त्या दिवशी कॅमेऱ्यापुढे होते. २०१२ मध्ये कवकांची ओळख पटवण्यासाठी जनुकांच्या एका ठरावीक पट्ट्यावर अभ्यासकांचे एकमत झाले, आणि त्यानंतर दशकानुदशके कपाटात पडलेल्या पुड्या एकाएकी बोलू लागल्या. १९७० साली पुडी बांधणाऱ्याला या तंत्राची कल्पनाही नव्हती. उद्या येणाऱ्या तंत्राची आपल्यालाही नाही. म्हणून चित्र आणि पुडी यांत निवड करायचीच नाही. चित्राचा क्रमांक पुडीवर लिहायचा आणि पुडीचा चित्राखाली, एवढे झाले की हौशी माणसाची एक फेरी विद्यापीठाच्या मोहिमेइतकीच मोलाची ठरते. हौशी लोकांच्या नमुन्यांवर विश्वास कसा ठेवायचा, असे विचारणाऱ्यांना बॅरोज यांचे उदाहरण पुरेसे आहे. शिवाय पुडीचा गुणच असा की गोळा करणाऱ्याने नाव चुकीचे लिहिले तरी ती दुरुस्त होऊ शकते.

यापेक्षा जड आक्षेप प्रयोगशाळेतून येतो. अळंबी ही कवकाची केवळ क्वचित दिसणारी बाजू. खरा जीव मातीत, मुळांत, पानांत पसरलेला. मग पावसाची वाट पाहत डोंगर कशाला चढायचा? चमचाभर माती घ्यावी, तिच्यातला सगळा डीएनए वाचावा, शेकडो जाती एका फटक्यात मिळतील. हे खरे आहे. अ‍ॅरिझोना विद्यापीठातच एलिझाबेथ अर्नोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी पानांच्या आत राहणाऱ्या, डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या कवकांची केवढी विविधता असते हे दाखवून दिले आहे, आणि गिल्बर्टसन संग्रहाची जबाबदारीही अर्नोल्ड यांनीच सांभाळली आहे. दोन्ही कामे एकाच छताखाली नांदू शकतात याचा हा पुरावाच आहे. पण मातीतून मिळते ती अक्षरांची माळ. ती कोणाची हे ठरते ती एखाद्या ओळखीच्या, नाव-ठिकाण असलेल्या नमुन्याच्या माळेशी जुळली तरच. जुळली नाही तर ती ‘अनोळखी कवक’ म्हणून पडून राहते, आणि अशा अनोळखींचा ढीग जगभर वाढतो आहे. आणखी एक गोष्ट आहे, आणि इतिहासाच्या दृष्टीने ती मला निर्णायक वाटते: माती आजची असते. १९६८ सालची, चिरिकावातल्या एखाद्या दरीतली माती आता कोणी आणून देऊ शकत नाही. त्या सालच्या पुड्या आहेत.

गोळा करण्याने नुकसान होते, म्हणून बघावे आणि पुढे जावे, असेही म्हटले जाते. वाळवंटातली नाजूक बेटे म्हटल्यावर हा आक्षेप मनाला अधिक भिडतो. स्वित्झर्लंडमधल्या एका राखीव जंगलात १९७५ ते २००३ अशी २९ वर्षे हा प्रश्न तपासला गेला. अळंबी उपटा किंवा कापा, पुढच्या वर्षांच्या उगवणीवर परिणाम दिसला नाही. माणसांच्या पायांखाली जमीन तुडवली गेली तिथे मात्र अळंबी कमी उगवली. आंबे उतरवले म्हणून आंब्याचे झाड वठत नाही, तसेच हे. आता स्वित्झर्लंडची ओली जमीन म्हणजे अ‍ॅरिझोना नव्हे, आणि तिथला निष्कर्ष इथे जसाच्या तसा लावणे घाईचे होईल. तरीही त्यातून एक गोष्ट घेता येते: भीती टोपलीपेक्षा पावलांची धरावी. अभ्यासासाठी एका जातीचे दोन-तीन नमुने पुरतात. त्यासाठी राष्ट्रीय उद्यानांत आणि स्मारकक्षेत्रांत रीतसर परवाना लागतो, आणि तो लागावाच.

एवढ्यावरून असे वाटेल की पुड्या साठवत गेले की चित्र आपोआप पूर्ण होईल. वाळवंटी डोंगरांत ते इतके सरळ नाही, कारण इथे न सापडणे याचा अर्थ लावणे फार कठीण आहे. २०२० च्या मान्सूनमध्ये टूसॉनला सुमारे ४१ मिलिमीटर पाऊस झाला; तिथल्या नोंदींतला तो दुसऱ्या क्रमांकाचा कोरडा हंगाम. पुढच्याच वर्षी सुमारे ३२५ मिलिमीटर, म्हणजे तिसऱ्या क्रमांकाचा ओला. २०२० मध्ये एखादी जात दिसली नाही म्हणून ती नाहीशी झाली असे कोणी लिहिले असते, तर २०२१ ने त्याला खोटे पाडले असते. जमिनीखालचे कवकजाल अनेक वर्षे गप्प राहून पुन्हा फळू शकते. म्हणून एका हंगामाची यादी, कितीही बारकाईने केलेली असो, या प्रदेशाबद्दल फार थोडे सांगते. आणि त्याच कारणाने नकाराचीही नोंद हवी. अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, इतका वेळ शोधले, काही मिळाले नाही: अशी ओळ लिहून ठेवणारे लोक फार थोडे, कारण रिकाम्या हाताने परतलेल्या दिवसाची वही कोणी उघडत नाही. झाडांच्या बाबतीत नोंद नेमकी असली की काय साधते हे याच डोंगराने दाखवले आहे. रॉबर्ट व्हिटेकर यांनी १९६३ मध्ये माउंट लेमनच्या रस्त्यालगत, पायथ्यापासून माथ्यापर्यंत, कोणती झाडे कोणत्या उंचीवर लागतात हे नोंदवले. पन्नास वर्षांनी त्याच वाटेवर पुन्हा मोजणी झाली, आणि २०१३ मध्ये रिचर्ड ब्रुस्का आणि सहकाऱ्यांनी दाखवले की पाहिलेल्या २७ जातींपैकी १५ जातींची खालची हद्द वर सरकली आहे. हवामान तापते आहे आणि जंगल डोंगर चढते आहे, हे इथे अनुमान राहिले नाही. त्या झाडांच्या मुळांशी जगणारी कवके त्यांच्याबरोबर चढली, मागे राहिली की वर आधीच हजर होती, याचे तितके नेमके उत्तर देता येत नाही, कारण १९६३ मध्ये त्यांच्यासाठी तशी मोजणी झालीच नाही. उरतात त्या सुट्या पुड्या, ज्यांच्या चिठ्ठीवर उंची लिहिलेली आहे.

आणि या डोंगरांना आता वेळ कमी आहे. २००३ च्या अ‍ॅस्पेन वणव्यात कॅटालिनाचे सुमारे ८५ हजार एकर जळले आणि माथ्याजवळच्या समरहेवन गावातली बहुतेक घरे गेली. २०११ मध्ये चिरिकावात सुमारे २ लाख २३ हजार एकर, २०१७ मध्ये ग्रॅहमवर ४८ हजारांवर, २०२० मध्ये पुन्हा कॅटालिनात सुमारे १ लाख २० हजार एकर. अधूनमधून सरपटत जाणारी आग या पाइनवनांना नवी नाही; पण शतकभर आग दाबून ठेवल्याने साचलेला पालापाचोळा आणि वाढते तापमान यांमुळे आता ती शेंड्यांपर्यंत जाते, आणि मोठी झाडे मेली की त्यांच्या मुळांवर जगणारी कवकेही जातात. जळक्या जमिनीवर काही खास जाती लगेच उगवतात, मोरेल त्यांतलीच. जुनी राई परतली तर तिच्याबरोबर परतायच्या जाती मात्र वाऱ्याने पलीकडच्या बेटावरून येतील तेव्हा. राई आणि तिच्यातली अळंबी गेली की त्यांच्यावर जगणाऱ्यांचे काय होते, याचे जिवंत उदाहरण म्हणजे ग्रॅहमवरची लाल खार. ही उपजात फक्त त्याच एका पर्वतावर राहते आणि १९८७ पासून धोक्यात असलेली म्हणून संरक्षित आहे. शंकूंबरोबर ती अळंबी आणि जमिनीखालची ट्रफलेही खाते, अळंबी फांद्यांवर वाळत घालून बेगमी करते. २०१६ मध्ये तिची संख्या २५२ मोजली गेली होती. २०१७ च्या वणव्यानंतर ३५ उरली. तिच्यासाठी जंगल पुन्हा उभे करायचे तर कोणती झाडे लावायची हे वनखात्याला ठाऊक आहे. त्या झाडांखाली कोणती कवके असायला हवीत, हे विचारायला गेले की उत्तरासाठी टूसॉनच्या कपाटांकडेच वळावे लागते, आणि त्या कपाटांत ग्रॅहमच्या माथ्यावरून आलेली खोडावरची कवके जितकी सहज सापडण्याजोगी आहेत तितकी जमिनीतून उगवणारी नाहीत. ती भर घालण्याजोगे हंगाम अजून आहेत. पावसाचे जे वर्ष चांगले जाईल त्या वर्षी, जळलेल्या आणि न जळलेल्या उतारांवर शेजारी शेजारी, चिठ्ठीवर उंची, झाड आणि आगीचे साल लिहून.